विमलताईंचा पाहुणचार

प्रिय मिहिर आणि सई,

या सुट्टीत तुम्ही जपानला जाणार आणि तिथे एका घरगुती रयोकानमध्ये उतरणार, असं तुमच्या आईनं मेलबर्नहून फोनवर सांगितलं. रयोकान म्हणजे जुन्या पद्धतीचं जपानी अतिथिगृह. आजी तसल्या ठिकाणी राहून आली आहे, तर तिनं काय काय करायचं ते लिहून पाठवावं, असा तुमचा निरोपही मिळाला. चपला कुठे काढायच्या आणि अंघोळ कशी करायची, हे तिथली माणसं सांगतीलच. मी तुम्हाला विमलताईंबद्दल लिहिते. रयोकानमध्ये कसं राहू नये, हे मी त्यांच्याकडूनच पाहिलं.

विमलताई कुणाच्याही घरी गेल्या की पाच मिनिटांत तिथल्या सिंकपाशी उभ्या असायच्या. बारसं असो, सत्यनारायण असो, हळदीकुंकू असो. बाकीच्या बायका ओटीचे तांदूळ सांभाळत सोफ्यावर बसलेल्या आणि विमलताई पदर खोचून यजमानांची कढई घासताहेत. कुणी हात धरला की त्यांचं ठरलेलं उत्तर, "राहू द्या नं. मी का पाहुणी आहे?" एकदा फ्रीमाँटला एका वास्तुशांतीत त्यांनी सगळी भांडी घासली आणि मग मला हळूच विचारलं, "घर कोणाचं आहे हो हे?"

मकरंदच्या त्या आई. मकरंद इथे सांता क्लारात माझ्या शेजारच्या घरात राहतो आणि चिप बनवणाऱ्या कंपनीत काम करतो. त्याला आणि गौरीला, म्हणजे त्याच्या बायकोला, मुलगी झाली तेव्हा विमलताई नागपूरहून आल्या. येताना विमानात त्यांनी आपल्या आणि पुढच्या रांगेतल्या लोकांचे जेवणाचे ट्रे गोळा करून, एकावर एक रचून, हवाई सुंदरीच्या हातात दिले होते.

"एकटी पोरगी बिचारी, सगळ्यांचं उष्टं उचलून राहिली होती. मी का पाहुणी आहे?"

"विमलताई, तुम्ही प्रवासी होतात."

"तेच ते," त्या म्हणाल्या.

मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. माझे मसाल्याचे डबे इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेले असतात. विमलताई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या, तेव्हा मी चहा गाळेपर्यंत त्यांनी ते फोडणीत पडण्याच्या क्रमानं लावून टाकले. "मोहरी आधी पडते नं? मग मोहरी आधी." त्या गेल्यावर मी डबे परत माझ्या क्रमानं लावले. पुढच्या वेळी त्यांनी पुन्हा मोहरी पुढे आणली. आमची मैत्री अशी झाली.

त्यांची खोली मात्र बघण्यासारखी होती, कारण तिच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पलंग त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढायला लावला. त्या जमिनीवर गादी घालून झोपत आणि सकाळी कुणी उठायच्या आत गादी, उशी, चादर सगळं कपाटात जाई. त्या खोलीत कुणी राहतं असं सांगूनही पटलं नसतं. कपाटाच्या खालच्या खणात त्यांची बॅग असे. ती त्यांनी कधी पूर्ण रिकामी केली नव्हती.

नात पूर्ण दिवस शाळेत जायला लागली, त्या वर्षीची ही गोष्ट. मकरंद एका शनिवारी माझ्याकडे आला आणि स्वयंपाकघरात नुसताच उभा राहिला.

"काकू, आईनं तिकीट बघायला सांगितलंय. वन-वे."

"का? काही बोलणं झालं का?"

"नाही हो! म्हणते, आता माझं इथे काय काम उरलं? परवा गौरीनं भांडी डिशवॉशरला लावली, तर आई अर्धा तास त्या मशिनसमोर उभी होती. तिकडे घरात कोण आहे तिला? बाबाही नाहीत."

मग त्यानं मुद्द्याचं सांगितलं. उत्तरेला डोंगरात, चार तासांवर, एक जपानी कुटुंब रयोकान चालवतं. तिथलं दोन रात्रींचं बुकिंग त्यानं आईसाठी केलं होतं. तो आणि गौरी घेऊन जाणार होते, पण ऐन वेळी दोघांचीही कामं निघाली. "तुम्ही जा तिला घेऊन, प्लीज. सगळं हातात आणून देतात तिथे. दोन दिवस तिला फक्त बसवून ठेवा, काकू. तिला कळू दे, काम न करताही माणूस कुठेही राहू शकतं."

मी हो म्हटलं. गाडी मीच चालवली. चार तासांत विमलताईंनी माझ्या गाडीचा पुढचा कप्पा आवरला आणि मला सोललेली संत्री भरवली.

रयोकान तानाबे कुटुंबाचं होतं. मुलगा स्वयंपाक करायचा, सून ॲमी हिशेब आणि फोन बघायची, आणि मुलाची आई, ऐंशीच्या पुढची, माझ्या खांद्याएवढी, दारात वाकून उभी होती. तिला इंग्रजी जेमतेम येत होतं, विमलताईंना तेवढंही नाही. चपला बाहेर काढायच्या हे बघून विमलताई खूश झाल्या. जमिनीवर चटया, पलंग नाही, अंथरुणं कपाटात, हे बघून तर फारच. "शहाणी माणसं आहेत हो ही! तो मकरंदच येडा, पलंग घेऊन बसला."

गरम पाण्याच्या टाकीत उतरण्याआधी बाहेर स्टुलावर बसून अंग घासून धुवायचं असतं. तेही त्यांना पटलं. माझी पाठ त्यांनी न विचारता घासली, आणि कढई जशी घासतात तशी घासली.

इथपर्यंत ठीक होतं. गोंधळ जेवणापाशी झाला. जेवण खोलीतच आणून देतात, लहान लहान वाट्यांत. आम्ही शाकाहारी आहोत का, हे ॲमीनं आधीच विचारून घेतलं होतं. जेवण झालं, मी हात पुसत होते, तोवर विमलताई दोन्ही ट्रे उचलून स्वयंपाकघराकडे निघाल्यासुद्धा. त्या नुकत्याच संडासातून आल्या होत्या. तिथे वेगळ्या सपाता असतात, त्या तिथेच सोडून यायचं असतं. विमलताई त्या सपातांसकट स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या राहिल्या. सगळं कुटुंब त्यांच्या पायांकडे बघत होतं. मी धावत जाऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं बाई! माझ्या स्वयंपाकघरात कोणी असं केलं असतं तर मी पळी फेकून मारली असती!" आणि त्यांनी खुणेनं फरशी पुसायला फडकं मागितलं. ते कुणी दिलं नाही.

खोलीत आल्यावर त्यांनी घाईघाईनं कपाट उघडून दोघींची अंथरुणं घालून टाकली. थोड्या वेळानं थोरल्या तानाबेबाईंनी दार सरकवलं, घातलेली अंथरुणं बघितली, वाकून काहीतरी पुटपुटल्या आणि दार लावून गेल्या. सकाळी मला जाग आली तेव्हा सगळं कपाटात होतं आणि विमलताई आपल्या टॉवेलनं चटई पुसत होत्या.

नाश्त्याच्या वेळी ॲमी माझ्याजवळ येऊन बसली. खोलीत काही अस्वच्छ होतं का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती म्हणाली, "सासूबाईंना वाटतंय, त्यांची अंथरुणं तुम्हाला नको आहेत. काल त्या न जेवता झोपल्या. पूर्वी सगळं त्याच चालवायच्या. आता स्वयंपाकाला हात थरथरतो, आकडे जमत नाहीत. अंथरुणं घालणं हे एकच काम राहिलंय त्यांच्याकडे. ते आम्ही त्यांना सोडू देत नाही."

मी हे शब्दाला शब्द विमलताईंना मराठीत सांगितलं. त्यांच्या हातातला भाताचा घास तसाच राहिला.

"म्हणजे मी त्या म्हातारीचं काम घेतलं?"

"असंच झालं."

त्या दिवशी विमलताईंनी कशालाही हात लावला नाही. मला वाटलं होतं, हे बघून मला समाधान वाटेल. पण बागेच्या कडेला हात मांडीवर ठेवून बसलेल्या विमलताई एखाद्या दवाखान्यात नंबर येण्याची वाट बघणाऱ्या बाईसारख्या दिसत होत्या.

संध्याकाळी जेवणाचे ट्रे गेले आणि थोरल्या तानाबेबाई दारात आल्या. विमलताई उठून भिंतीशी जाऊन बसल्या, दोन्ही हात पदराखाली घेऊन. म्हातारी गुडघ्यांवर सरकत काम करत होती. गादी ओढून आणली, चादरीचे कोपरे एकेक करून आत खोचले, तळव्यानं सुरकुती सारली, उशी थोपटली. माझी गादी झाली, मग विमलताईंची. मग तिनं विमलताईंकडे बघून हातानं खूण केली, या, झोपा.

विमलताईंनी माझ्याकडे बघितलं. त्या गेल्या आणि नऊवारी नेसल्या होत्या तशाच आडव्या झाल्या. म्हातारीनं रजई त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली, दोन्ही बाजूंनी दाबली, वाकली आणि गेली.

छताकडे बघत त्या म्हणाल्या, "सुधाताई, माझं अंथरूण कोणी घातलेलं मला आठवतच नाही. आई गेली तेव्हा मी लहान होते. मामाकडे राहिले. सगळ्या घराची अंथरुणं माझ्याकडे असायची. मामी वाईट नव्हती हो. पण म्हणायची, काम करणारं पोर कोणाला जड होत नाही." थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "म्हातारी काही मला पाहुणी समजून नाही करून राहिली नं?"

"मला नाही वाटत," मी म्हटलं.

परतल्यावर मी मकरंदला एवढंच सांगितलं, "तिला बसवू नकोस. तुला ते जमणार नाही. रात्री तिचं अंथरूण घाल."

आता दोन वर्षं झाली. म्हातारी वारल्यावर मुलानं ते रयोकान बंद केलं, असं ॲमीच्या पत्रातून कळलं. नागपूरचं तिकीट निघालं नाही. विमलताई अजून शेजारीच आहेत, अजून परक्या घरांतल्या कढया घासतात, आणि माझ्याकडे मोहरी पुढे असते. मकरंद रोज रात्री त्यांचं अंथरूण घालतो. ते त्याला नीट येत नाही. चादर एका बाजूला जास्त येते, कोपरा सुटतो. विमलताई ते तसंच राहू देतात.