बावीस गुलाबांची निगा

छत्तीस वर्षं मी पहिलीचा वर्ग सांभाळला. नाक पुसण्यापासून पाढ्यांपर्यंत, माझ्याकडून मुलांना शिकवायचं राहिलं असं काही नाही. म्हणून सुट्टीत दोन्ही नाती माझ्या ताब्यात आल्या तेव्हा मी सुनेला सांगितलं, "तू वाइनचं बघ. मुलींचं मी बघते."

तिला वाइनचं बघणं भागच होतं. आमची बावीस ओळींची घरची द्राक्षबाग मुलानं यंदा तिच्यावर सोपवली होती. पांढरी वाइन पहिल्यांदाच तिच्या एकटीच्या हातची होणार होती आणि बागेत रासायनिक औषधाचा थेंबही पडणार नव्हता.

"लाल वाइनमध्ये थोडंफार खपून जातं, आई," ती म्हणायची. "पांढरी सगळ्या चहाड्या करते."

प्रत्येक ओळीच्या टोकाला एकेक गुलाब होता. शोभेसाठी असेल, असं मला वाटलं. पहिल्याच सकाळी काही पानांवर पिठूळ डाग दिसले. धडा आयताच हाती आला.

"आजारी पान ओळखायचं, अलगद खुडायचं, पिशवीत टाकायचं आणि मग हात धुवायचे," मी नातींना शिकवलं.

आठवडाभर आम्ही तिघींनी रोज उजाडताच बावीसही गुलाब साफ केले. तपासणीच्या दिवशी रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारखे ते दिसू लागले. न्याहारीआधी सून चक्कर मारायची, प्रत्येक गुलाबावर वाकून बघायची आणि निश्चिंत मनानं परत यायची. आमचं कौतुक वाटतंय, असं समजून मी विनयानं गप्प बसायचे.

आठव्या दिवशी ती द्राक्षाचा घड घेऊन आली. घडावर पीठ भुरभुरल्यासारखं दिसत होतं.

"भुरी पडलीय," ती म्हणाली. "सहा ओळी गेल्या. पण गुलाब तर स्वच्छ आहेत."

"असणारच. डागाळलेली पानं रोज खुडतो आम्ही."

"काय खुडता?"

मी अभिमानानं पिशवी उघडून दाखवली.

सून पायरीवर बसली. "आई, भुरी आधी गुलाबावर दिसते, मग द्राक्षावर. त्यासाठीच तर ते लावलेत. गुलाबावर डाग दिसला की मी वेलींवर गंधक मारते. आपल्या बागेत तेवढंच चालतं, आणि तेही वेळेत मारलं तर."

"म्हणजे मी..."

"पहारेकऱ्याच्या तोंडात बोळा कोंबलात."

ती एवढंच बोलली आणि फवारणीला गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. सोळा ओळी वाचल्या. सहा ओळींचे घड आम्ही खुडून टाकले, आणि खुडण्यात मी आता तरबेज होते.

संध्याकाळी मी नातींना समोर बसवलं. "चूक मोठ्यांचीही होते. गुलाब कशासाठी लावतात, ते आजीला माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," थोरली म्हणाली.

"मग बोलली का नाहीस गं?"

"रोज हात वर करत होते. तू म्हणायचीस, शंका शेवटी. आणि शेवटी हात धुवायला पाठवायचीस."

सून दारात उभी राहून ऐकत होती. आठवडाभरात माझ्या शिकवण्याबद्दल एवढं बारकाईनं कुणी ऐकलं नव्हतं.

"आई," ती थोरलीकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाली, "उद्यापासून बागेत तुम्ही हिच्या वर्गात बसा."

बसते आहे. बाई फार कडक आहेत. शंका शेवटीसुद्धा घेत नाहीत.