दुसरीकडे कळवणारे शब्बीरभाऊ

शब्बीरभाऊ चहाला निघाले तरी दोन ठिकाणी सांगून निघत. आधी टेबलावरच्या वहीत लिहीत, "चहाला चाललो." मग फोन उचलून गेटवरच्या बबनला सांगत, "मी चहाला चाललोय रं." चहाची टपरी गेटच्या बाहेर, बबनच्या अगदी नाकासमोर. म्हणजे फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत हेच भाऊ बबनच्या पुढून जात आणि दोघे एकमेकांना नव्याने रामराम करत. मी एकदा म्हटलं, "अहो, तो तुम्हाला बघतोच की!"

"बघनं येगळं, ताई, आन् कळवनं येगळं."

एवढं बोलून ते टपरीकडे निघाले.

कामशेतच्या एका भातगिरणीत आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो. नव्या इंद्रायणी तांदळाचा वास तिथे असा भरून असे की लोणावळ्याला घरी पोचल्यावरही माझ्या ओढणीला तो येई. कीबोर्डमधून कोंडा झाडणं हे आमचं सकाळचं पहिलं काम. भाऊ मूळचे काट्यावरचे, म्हणजे भाताच्या गाड्यांची वजनं वहीत उतरवणारे. कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे चार पावलं मागे सरले, हे पुढे गेले. मी डिग्री घेऊन त्यांच्या हाताखाली आले तेव्हा थोडी घमेंड होती. ती पहिल्या दिवशीच उतरली.

गिरणीची सगळी माहिती एका सर्व्हरवर असे. कुठली गाडी कधी आली, कुठला भात कुठल्या गोदामात गेला, सगळं. तो सर्व्हर दिवसभर कोण आलं, काय मागितलं, आपण कुठे अडखळलो, हे स्वतःच एका फाइलमध्ये लिहीत जातो. त्याला लॉग म्हणतात. ही फाइल सर्व्हरच्याच डिस्कवर राहते, एवढं मला येत होतं. भाऊंचं तेवढ्यावर समाधान नव्हतं.

"आजारी मानसाची चिठ्ठी त्याच्याच खिशात. आन् त्यो नदीत पडला तर? चिठ्ठी बी गेली का न्हाई?"

म्हणून तोच लॉग त्याच क्षणी दुसऱ्या मशीनवरही गेला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. आणि ते दुसरं मशीन शेजारच्या टेबलावर चालायचं नाही, वेगळ्या छपराखाली हवं. मालकांचं डोकं महिनाभर खाऊन त्यांनी एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि थेट बबनच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. बबन त्यावर टोपी ठेवायचा. भाऊ येता-जाता ती उचलून खुंटीला लावायचे. "आपल्यापाशी लिवा, दुसऱ्याला कळवा," हे ते आम्हाला इतक्यांदा ऐकवत, की मालकांचा ड्रायव्हरसुद्धा टायर बदलताना ते म्हणायचा.

भाऊ राहायचे भाज्याला. लेण्यांकडे जाणारी शहरातली मंडळी त्यांच्या दारावरून रस्ता विचारत. भाऊ रस्ता सांगत, पण आधी विचारत, "घरी कळवलंय का, हितं आलाय म्हनून?" बहुतेक जण हसून हो म्हणत. एकदा एक मुलगा आणि मुलगी मोटरसायकलवरून आले होते. भाऊंनी हाच प्रश्न टाकला तर मुलीचा चेहरा पांढरा पडला. भाऊंना वाटलं, उन्हानं. त्यांनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि स्वतःचा फोन पुढे केला, "लावा घरी, लाजू नगा." दोघं लेणी न बघताच पळाली. दुसऱ्या दिवशी भाऊ हळहळत मला सांगत होते, "लय कष्टी दिसत व्हती पोरगी. घरी आजारपन असंल." मी कीबोर्ड झाडत राहिले. काही गोष्टी एकाच ठिकाणी राहिलेल्या बऱ्या.

माझी चूक झाली ती दुसऱ्या वर्षी. बबनच्या केबिनमधल्या मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता बदलला होता. सर्व्हरला तो नवा पत्ता देताना माझा एक आकडा चुकला. लॉग पाठवण्याची आमची पद्धत अशी होती की पाठवणारा नुसता पाठवत राहतो. पलीकडे कुणी आहे का, हे विचारत नाही. महिनाभर आमचा सर्व्हर हवेत बोलत होता. ऐन सुगीत, गेटवर भाताच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, त्याची डिस्क गेली. गाड्या-गोदामांच्या माहितीची आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून ती वाचली. पण जायच्या आधी तो कशानं कुरकुरत होता हे काही कळायला मार्ग नव्हता. इथली फाइल डिस्कबरोबर गेली होती आणि तिथली फाइल कोरी होती.

मालक माझ्यावर ओरडले आणि मी रडले. भाऊंनी मला टपरीवर नेलं.

"आकडा तुमी चुकला, ताई. पन म्हैनाभर पलीकडं कुनी ऐकतंय का, ह्ये मी बी बगितलं न्हाई." त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमची बायकू रेहाना गेली तवा मी असाच हितं ड्युटीवर. शेजारची समदी भाताच्या लावनीला गेलती. संध्याकाळी पोचलो तर दोरीवर निम्मी कापडं वाळल्याली, निम्मी बादलीत तशीच वली. म्हंजी सकाळीच पडली असनार. दिसभर कुनाला पत्ता न्हाई."

त्यांना मूलबाळ नव्हतं. चहाचे पैसे मी दिले, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून बबनला फोन करणाऱ्या भाऊंना मी कधी हसले नाही.

नंतर आम्ही पद्धत बदलली. पलीकडच्या मशीननं मिळाल्याची पोच दिल्याशिवाय सर्व्हर नोंद पुसायचा नाही. शिवाय रोज सकाळी मी केबिनमध्ये जाऊन शेवटची ओळ डोळ्यांनी वाचून यायचं. बबन मला पेपर वाचायला आल्यासारखी खुर्ची द्यायचा. आता सगळं कुठल्या तरी लांबच्या कंपनीच्या मशीनवर असतं आणि तिथे बबन नाही.

भाऊ निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. मालक त्यांचे गुण सांगत होते तेव्हा भाऊ माझ्या कानात कुठली फाइल कुठे आहे ते सांगत होते. निघताना मात्र गेटपाशी घुटमळले. इतकी वर्षं मी पाहत होते, त्यांना कधी अडखळताना पाहिलं नव्हतं.

"ताई, रोज सकाळी एक मेसेज टाकीन म्हनतो. घरात एकलाच आसतो. तुमी वाचू नगा हवं तर. निस्तं पोचलं म्हना."

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून मेसेज सुरू झाले. सर्व्हर जशी आपल्या नोंदींची साधी माहिती ते गंभीर बिघाड अशी प्रतवारी लावतो, तशीच भाऊंनीही लावलेली. "माहिती: उठलो. इशारा: गुडगा कुरकुर करतोय. चूक: चहात मीठ." एकदा आलं, "गंभीर". मी हातातलं काम टाकलं. पुढे वाचलं तर शेजाऱ्याची शेळी मेथीच्या वाफ्यात. मी रोज "पोचलं" लिहायची. पुढे पुढे न वाचताच लिहायची. खरं सांगायचं तर, एका एकट्या म्हाताऱ्याला आपण सांभाळतोय, याचं मला मनातून बरं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात मला सणकून ताप आला. फोन कधी बंद पडला, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. कसंबसं उघडलं तर दारात शब्बीरभाऊ. हातात डबा, कपाळावर घाम. भाज्याजवळच्या मळवलीहून लोकलनं आले होते आणि माझा पत्ता ठाऊक नसल्यामुळे स्टेशनपासून दुकानादुकानात माझं नाव विचारत आले होते.

"दोन दिस पोच न्हाई," ते दम खात म्हणाले. "म्हनलं पाठवनारा तर धडधाकट हाय. मंग घेनारी पडली वाटतं."

डब्यात तांदळाची पेज होती. त्यांनी ती गरम केली, मला बसवून प्यायला लावली, फोन चार्जिंगला लावला. मग समोर खुर्ची ओढून बसले आणि अगदी कामातलं विचारावं तसं विचारलं, "मी तुमाला कळवतो. तुमी कुनाला कळवता?"

मी आठवू लागले. आई गेल्याला तीन वर्षं झाली होती. माझ्या सख्ख्या भावाचा आणि वहिनीचा फोन फक्त दिवाळीला. शेजारच्यांना माझं आडनाव तेवढं माहीत आहे. आज मी सकाळी उठले की नाही, हे कळायला हवं असं एकही माणूस मला सापडेना आणि पेजेच्या वाटीत टपकन डोळ्यांतलं पाणी पडलं.

भाऊंनी ते पाहिलं, पण पाहिल्याचं दाखवलं नाही. वाटी माझ्या हातातून घेत म्हणाले, "उद्यापसनं मला टाका. मी धा मिंटात पोच देतो."