जबडासुराच्या दाराशी रांग

रविवारी सकाळी धाकटी फिरत्या खुर्चीवर उभी राहिली, आणि खुर्ची फिरली.

खुर्चीचा तो धर्मच असल्यामुळे तिला दोष देता येत नाही. धाकटीला इंटरनेटचा डबा कपाटावर ठेवायचा होता. उंचावर ठेवला की रेंज चांगली येते, असं तिचं म्हणणं. डबा वर गेला आणि धाकटी खाली आली. उजवं मनगट जमिनीला आधी टेकलं आणि बघता बघता टम्म फुगलं.

"बघू," आई म्हणाली. तिने बघितलं. "मोडलंय."

"आई, तू दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसतेस."

"दात काय आणि हाड काय, मोडलेलं कळतं मला. अहो, गाडी काढा!"

हे शेवटचं वाक्य धाकटीच्या बाबांसाठी होतं. ते आंघोळीला निघाले होते, ते तसेच किल्ली शोधायला वळले.

दवाखान्यात आईला सगळे काउंटरताई म्हणत, म्हणून आपणही तेच म्हणू. डॉक्टर दात काढतात हे त्यांना मान्य होतं, पण घाबरलेल्या माणसाला बाकावरून उठवून डॉक्टरांच्या खुर्चीपर्यंत नेणं हे खरं काम, आणि ते आपण करतो, असं त्यांचं ठाम मत होतं. "आमच्या दवाखान्यातून आजवर एकही पेशंट पळालेला नाही," हे त्या ओळख झाल्याझाल्या सांगत. ओळख नसेल तर आधी हे सांगत आणि मग ओळख करून घेत.

"मी नाही जाणार हॉस्पिटलला," धाकटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते मनगटासाठी नव्हतं. "गेम आजच्याच दिवस उघडा आहे."

तर गोष्ट अशी होती. गेमवर लिहिणारी एक वेबसाइट होती. तिथल्या संपादकबाईंनी धाकटीला एक संधी दिली होती. एक नवा गेम येतोय, हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जगात शिरतात, तलवारी-बाण घेऊन धावतात, उड्या मारतात, राक्षसांशी लढतात. आज दिवसभर तो चाचणीसाठी खुला आहे. खेळायचं आणि संध्याकाळी सातपर्यंत पहिल्या भेटीत तो कसा वाटला ते लिहून पाठवायचं. लेख जमला तर नोकरी. नाही जमला तर धाकटी पुन्हा घरीच, आणि शेजारच्या काकू पुन्हा जिन्यात विचारणार, "सध्या काय करते?"

"मग चालू केलायस तो बंद नको करूस. परत आलीस की खेळ."

"पाच मिनिटं काही केलं नाही तर बाहेर काढतात, आई! आणि बाहेर ताटकळणारे इतके आहेत की परत घेत नाहीत."

"मग मी बसते."

धाकटीने आईकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं आणि मनगटाने निर्णय दिला.

"हे बघ. हे एवढंच बटण. मधून मधून दाबायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही. मी येईपर्यंत फक्त उभी राहा."

"अगं, उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं."

"तू बसून असतेस, आई."

"बसून असते, पण मनाने उभी असते. जा तू."

धाकटीने आईच्या कानांवर हेडफोन चढवला आणि ती गेली. जाताना तीन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एक म्हणजे हेडफोनचा माइक चालू होता. दुसरी, तिने खेळायला घेतलेली ढालवाली बाई जबडासुर नावाच्या राक्षसाच्या गुहेच्या अगदी तोंडाशी उभी होती. आणि तिसरी, ते बटण दाबलं की ढाल उघडत असे आणि सोडलं की मिटत असे. ढाल गुहेच्या तोंडाएवढीच रुंद होती. दुसऱ्या गेममध्ये लोक एकमेकांच्या अंगातून आरपार जातात. या गेमचा गाजावाजाच असा होता की इथे ढाल म्हणजे ढाल, माणूस म्हणजे माणूस, आणि दार अडलं की अडलं.

काउंटरताईंनी चष्मा लावला आणि बटणावर बोट ठेवलं. त्यांना पडद्यावर काय दिसलं? एक अंधारं दार. आतून किंकाळ्या. दाराबाहेर पंधरा-वीस माणसं, सगळी घाबरलेली, सगळी एकदम बोलणारी, आणि प्रत्येकाला वाटतंय आपण आधी.

त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं.

इथून पुढचं, हेडफोनमध्ये ऐकू आलं तसं.

शिंगांचं शिरस्त्राण घातलेला: ओ ढालवाल्या ताई, सरका ना जरा.

काउंटरताई: नंबर आहे का?

शिंगवाला: कसला नंबर?

काउंटरताई: म्हणजे नाही. मागे उभे राहा. यांच्या मागे, भिंतीला धरून.

धनुष्यवाली: अहो, आम्ही सहा जण एकत्र आहोत. टोळी आहे आमची.

काउंटरताई: आत एकालाच सोडते मी. बरोबरच्यांनी बाहेर थांबायचं.

धनुष्यवाली: पण एकटं गेलं की मरतो माणूस!

काउंटरताई: सगळे असंच म्हणतात. काही होत नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं. जा तुम्ही. पुढचा कोण?

(आतून किंकाळी.)

काउंटरताई: बघा, झालं पण. पुढचा कोण?

एक जण धापा टाकत: ताई, माझी पट्टी लाल झाली आहे, जीव जायला आलाय, मला जरा—

काउंटरताई: अरे देवा. फार दुखतंय का? सरका हो सगळे, यांना आधी जाऊ द्या.

तो: अहो मला औषध हवंय! राक्षस नकोय!

काउंटरताई: आत गेलात की बरं वाटेल.

(किंकाळी. ही जरा छोटी.)

शिंगवाला: ताई, मी लढायला नाही आलो. मी नुसता मित्राबरोबर आलोय.

काउंटरताई: आलात ना? मग दाखवून घ्या.

शिंगवाला: मला काही झालेलं नाही!

काउंटरताई: ते आत ठरेल.

मेलेली माणसं जवळच्या गावात पुन्हा जिवंत होत आणि चिडून पळत पळत गुहेपाशी परत येत. "ही बाई कोण आहे?" असं ओरडायला आलेला पहिला माणूस तोंड उघडतो न उघडतो तोच त्याला उत्तर मिळालं, "परत आलात? फेरतपासणीवाले त्या झाडाखाली." तो झाडाखाली गेला. का गेला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. त्या आवाजात असं काहीतरी होतं की तलवार असलेल्या माणसालाही आपण नुसते गाल धरून बसलोय असं वाटावं.

हिरवा झगा घातलेल्या एकाकडे जखमा भरून काढायची विद्या होती. "तुम्ही कंपाउंडर ना?" म्हणून त्याला ताईंनी आपल्या शेजारी उभं केलं. तो तासभर निमूटपणे येणाऱ्याजाणाऱ्यांना औषध देत राहिला. एका सोन्याच्या चिलखतवाल्याने ढालीवरून उडी मारून पाहिली. "वशिला चालत नाही इथे!" हे ऐकून तो हवेतच ओशाळला आणि खाली पडला.

आता जबडासुराचं ऐका. त्याची युक्ती साधी होती. टोळी आत येई, तो सगळ्यांना एका फटक्यात चिरडे आणि पुढची टोळी जमेपर्यंत निवांत आपल्या जखमा भरून घेई. टोळी जमायला वेळ लागतोच. सहा जण मिळून निघायचं म्हटलं की एकाची चप्पल सापडत नाही. हा राक्षस महिनाभर तरी पडणार नाही, अशी फुशारकी गेम बनवणाऱ्या कंपनीने त्या सवडीच्या जोरावर मारली होती.

काउंटरताईंच्या राज्यात त्याला ती सवड मिळेना. एक जण आत जाई, कसाबसा एक घाव घाली आणि मरे. धूळ खाली बसायच्या आत बाहेरून हाक येई, "पुढचा कोण?" जखम भरायला राक्षसाने श्वास घेतला की दारात नवा माणूस उभा. रांग संपत नव्हती, कारण मेलेले पुन्हा रांगेत येत होते. दुपार कलली तेव्हा जबडासुर एका गुडघ्यावर आला होता. बाहेरच्या लोकांना हे हळूहळू कळलं आणि मग रांग इतकी सरळ झाली की ताईंना कुणाला ओरडायला निमित्तच उरलं नाही. त्याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

शेवटचा घाव शिंगवाल्याचा, मित्राबरोबर आलेल्याचा. तो डोळे मिटून आत गेला, तलवार कुठेतरी खुपसली आणि गुहा हादरली. पडद्यावर मोठी अक्षरं आली: जबडासुर पडला.

हेडफोनमध्ये इतका आरडाओरडा झाला की ताईंनी तो कानांवरून लांब धरला.

"ताई, तुम्ही कंपनीच्या आहात का?" कुणीतरी विचारलं.

"छे हो."

"मग कोण तुम्ही? ढालवाली, तुमचं नाव तरी सांगा!"

"मी ढालवाली नाही," ताईंनी पदर सावरून मान ताठ केली असती, पण पडद्यावर ती सोय नव्हती. म्हणून त्यांनी आवाज ताठ केला. "मी तिची आई. ती प्लॅस्टर घालायला गेली आहे. येईल इतक्यात."

आणि पडदा काळा झाला. राक्षसाच्या पलीकडे कंपनीने अजून काही बांधलंच नव्हतं. 'चाचणी समाप्त. सर्वांचे आभार.'

धाकटी आली ती गळ्यात हात अडकवून, धावतच.

"आई! काय केलंस? काळं का झालंय?"

"संपला तो."

"कोण?"

"राक्षस. गेला बिचारा. त्याचेच दात बघण्यासारखे होते खरं तर."

"तुला फक्त बटण दाबायचं होतं ना!"

"दाबलं की. एकदाही सोडलं नाही जास्त वेळ."

धाकटी मटकन त्याच फिरत्या खुर्चीत बसली. खुर्ची आता मात्र हलली नाही. "मी राक्षस बघितलासुद्धा नाही. मी गेम खेळलेच नाही. काय लिहू मी?"

बाबा सोयीचा माणूस. "आईने सांगितलेलं लिही," ते म्हणाले, "आणि मी खेळले म्हण. कोण बघायला येतंय?"

धाकटीने घड्याळाकडे पाहिलं. सात वाजायला फार वेळ नव्हता, नोकरी हवी होती, आणि त्या बघण्यात ती बाबांच्या बाजूला झुकत चालली आहे हे स्पष्ट दिसत होतं.

"म्हणजे?" काउंटरताई उसळल्या. "रांग मी लावायची आणि हिने लावली म्हणून छापायचं? तो शिंगवाला माझ्या हातून आत गेलाय! माझं नाव घातल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही."

जगात पुष्कळसा प्रामाणिकपणा असाच, कुणाच्या तरी अभिमानापायी टिकून राहतो. धाकटीने डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं.

'मी हा गेम खेळलेली नाही. माझा हात प्लॅस्टरमध्ये होता. माझ्या जागी माझी आई—'

"‘मातोश्री’ लिही."

'माझी आई गुहेच्या दाराशी उभी होती. पुढचं सगळं तिने सांगितलेलं आहे. मी फक्त विचारलं.'

आणि तिने खरंच विचारलं. ते लोक कसे बोलत होते? राक्षस ओरडला की तुला कुठे जाणवायचं? ढाल जड वाटायची का? काउंटरताईंना आयुष्यात इतके प्रश्न कुणी विचारले नव्हते. त्या लोकांना विचारत, नंबर कितवा. त्यांना कुणी काही विचारत नसे. सांगता सांगता त्या उठून उभ्या राहिल्या आणि मधल्या खोलीच्या दारात हात पसरून ढाल झाल्या. बाबांना स्वयंपाकघरात जायचं होतं, ते रांगेत थांबले.

"‘आई जरा घाबरली’ हे काढ."

"पण पहिल्या किंकाळीला दचकलीस ना?"

"दचकले असेन. घाबरायला ते होते."

सातला दोन-चार मिनिटं असताना लेख गेला. आठ वाजता संपादकबाईंचा फोन आला. धाकटीने तो टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला, कारण आईने तसा हुकूम केला होता.

"मला सगळ्या उमेदवारांचे लेख आलेत," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत ती ढालवाली आहे. कुणी म्हणतं कंपनीने बनवलेलं पात्र आहे, कुणी म्हणतं यंत्राची बुद्धी आहे. 'मी तिची आई' हे कुणालाच खरं वाटलेलं नाही. एकाने तर तिच्या संवादांना दहापैकी नऊ गुण दिलेत."

"नऊ?" काउंटरताई पुटपुटल्या. "एक कशाचा कापला?"

"पण ती कोण हे तू एकटीनेच लिहिलंस."

"मॅडम, मी खेळले नाही, हे मला—"

"खेळणारे मला ढिगाने मिळतात गं. समोरच्याला बोलतं करून, तो बोलला तसंच उतरवणारं कुणी मिळत नाही. प्लॅस्टर कधी निघतंय?"

"महिन्याने. पण मी डाव्या हाताने—"

"हा लेख डाव्या हाताने लिहिलास? मग उद्याच ये."

फोन बंद झाला. धाकटीने आईकडे पाहिलं. आता राक्षसाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागणार, अशी तिची तयारी होती. पण आई राक्षसाबद्दल काही बोलली नाही. तिने चष्मा पुसून चढवला आणि लेख फोनवर शोधून पुन्हा वाचला. मग फक्त वरचं, जिथे मुलीचं नाव होतं तेवढंच, बोटांनी मोठं करून बघितलं. आणि जिन्यात जाऊन शेजारच्या काकूंची घंटा वाजवली.

सोमवारी दवाखान्यात बाकं भरलेली होती. काउंटरताईंनी लेख छापून आणला होता. "माझ्या धाकटीने लिहिलंय," असं म्हणून त्यांनी तो पहिल्या पेशंटला वाचून दाखवला. दुसरा आला तेव्हा त्याचं सुरुवातीचं हुकलं होतं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्याच्या वेळी पहिलाही अजून तिथेच होता. चौथ्या वाचनाला गाल सुजलेले एक गृहस्थ उठले.

"ताई, मी आत जाऊ का?"

"तुमचा नंबर नाही आला अजून."

"असू द्या हो. नुसता खुर्चीत पडून राहीन."

त्यांच्यामागे दोघे उठले. मग बाकच उठलं. दुपारी डॉक्टर मास्क खाली ओढून बाहेर आले.

"ताई, आज काय केलंत तरी काय? एकही घाबरत नाहीये. सगळे पळत आत येताहेत. एकाने तर चांगली दाढ पुढे केली. म्हणतो, हीही बघा, घाई नाही."

"मुलीचं लिखाणच तसं आहे, डॉक्टर," काउंटरताई म्हणाल्या आणि कागद सरळ केला. "बसा ना, तुम्हालाही वाचून दाखवते."

डॉक्टरांनी बाकाकडे पाहिलं, कागदाच्या जाडीकडे पाहिलं, घाईघाईने मास्क वर चढवला आणि दारातूनच हाक दिली,

"पुढचा कोण?"