देवाला लोंढ्याची गाडी गाठायची न्हाय

दावीदअण्णा औषधाची बाटली हातात देताना "नीट हलवून घ्या" असं कधी म्हणायचे नाहीत. "दोन कडवी हलवा" म्हणायचे. आणि समोरच्याला कडवी येत असतील याचा भरवसा नसल्यामुळे स्वतःच गाऊ लागायचे. बेळगावातल्या मिशनच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. निपाणीचे एक जैन व्यापारी खोकल्याचं औषध न्यायला आले, तर पहिल्याच कडव्यात त्यांचा हात भरून आला. ते थांबले. अण्णा म्हणाले, "सावकार, धृपद ऱ्हायलंय की अजून!" सावकारांनी मुकाट्यानं धृपदभर बाटली हलवली. पुढच्या खेपेला मात्र गड्याला धाडलं.

हेच अण्णा दर रविवारी चर्चमध्ये गीत उचलायचे. आधी त्यांनी सूर धरायचा, मग मंडळींनी त्यांच्या मागून जायचं. जायचं म्हणजे रांगायचं. अण्णांच्या एका ओळीत लेकरू झोपायचं आणि त्याच ओळीत जागंही व्हायचं. स्टेशनातले तारमास्तर हातात घड्याळ धरूनच उभे असायचे. कुणी म्हटलं, "अण्णा, जरा उचलून घ्या की," तर उत्तर ठरलेलं, "देवाला लोंढ्याची गाडी गाठायची न्हाय, बाबा."

"देवाला न्हाय हो, मला गाठायचीय!" तारमास्तर रडकुंडीला येऊन म्हणायचे.

मी मूळचा नगरकडचा. तिसरीतून शाळा सुटली आणि पुढं एका ओळखीनं कॅम्पातल्या बेकरीत कामाला लागलो. घर लांब, माणसं अनोळखी. बोलता बोलता लोक कानडीत शिरले की मी नुसता हसायचो. पहिल्याच रविवारी अण्णांनी मला जेवायला घरी नेलं. "नगरचा न्हवं तू? आमचं तिखट सोसंल का रं?" डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानंच, असं मी त्यांना सांगितलं.

चर्चमध्ये मी शेवटच्या बाकावर असायचो. सगळ्यांसारखं पुस्तक उघडून उभा राहायचो, पण मी वाचायचो ते एकेक अक्षर जोडत. जोडाक्षर दिसलं की बोट तिथंच अडायचं. शेजाऱ्याला कळलं तर? बेकरीत कळलं तर? अण्णांच्या गाण्यात मात्र जोडाक्षरसुद्धा मला गाठून घेता यायचं. हा त्यांचा स्वभाव, असं समजून मी मनातल्या मनात देवाचे आभार मानायचो.

मग मिशनच्या शाळेवर पुण्याहून नवे गायनमास्तर आले. त्यांनी चर्चमधल्या बाजाच्या पेटीवर तालाचं घड्याळ आणून ठेवलं. लाकडाची निमुळती डबी, तिच्या तोंडाशी लोखंडी काटा. किल्ली दिली की तो काटा इकडून तिकडं झुलत टक टक करायचा.

"अण्णा, गीत आनंदाचं आहे," मास्तर म्हणाले. "तुम्ही ते मयताला निघाल्यासारखं गाता."

"मी नाडी बघून गातो, मास्तर. तुमच्या ह्या डब्याला नाडी हाय का?"

"कुणाची नाडी बघता? मेलेल्याची?"

मंडळी हसली. अण्णाही पोटभर हसले. चर्चचे पंच मात्र हसले नाहीत. पुढच्या रविवारी गीत घड्याळाबरोबर झालं पाहिजे, नाहीतर गाणं मास्तरांकडं, असं त्यांनी ठरवलं. अण्णांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. रविवार सोडला तर त्यांचं गाणं ऐकायला दवाखान्यातल्या बाटल्याच होत्या.

रविवार आला. टक टक सुरू झाली, आणि अण्णांनी पहिलं कडवं असं सरळ, असं चटपटीत म्हटलं की तारमास्तरांनी घड्याळ खिशात टाकलं. मास्तर खुलले. मी दुसऱ्याच ओळीला हरवलो. घाबरून पान उलटलं, ते दोन एकदम उलटली. नुसते ओठ हलवायलाही जमेना. मान वर केली, तर अण्णा माझ्याकडंच बघत होते.

दुसऱ्या कडव्याला त्यांची चाल मंदावली. पुढची बाकं घड्याळाबरोबर गेली, मागची अण्णांबरोबर राहिली. पुढचे "आमेन" म्हणून खाली बसले, तेव्हा आम्ही तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर होतो. पाळकसाहेब अर्धे बसले, पुन्हा उठले, पुन्हा बसले.

उपासना झाल्यावर पंचांनी विचारलं, "अण्णा, पहिलं कडवं झकास जमलं होतं की! मग काय झालं?"

"जीभ जड झाली," अण्णा म्हणाले. तेवढंच.

गाणं मास्तरांकडं गेलं.

त्याच्या पुढच्या रविवारी अण्णा सरळ मागं आले आणि माझ्या शेजारी बसले. मी गडबडलो. "अण्णा, इथं कशाला? पुढं बसा ना."

"पुढनं तुझं तोंड बघत गावं लागायचं. नजर कमी झालीय रं माझी. हितनं बरं दिसतंय."

मी उघडं पुस्तक पटकन मिटलं.

"ह्या जागंवर माझा बा बसायचा," ते हळूच म्हणाले. "साठीत अक्षरं शिकला. एक ओळ वाचायची म्हंजे लई घाम फुटायचा त्येला. त्यो गेल्यावर म्हटलं, आता उचलून गावं. पर तुझ्यागत कोण ना कोण येतच ऱ्हायलं बघ."

पेटी वाजली. मंडळी भराभर पुढं निघून गेली. आम्ही दोघं आमच्या वाटेनं चाललो होतो. शेवटची ओळ उरली, तेव्हा सगळं चर्च खाली बसलं होतं. मीही शरमून बसू लागलो, तर अण्णांनी कोपर धरून मला उभंच ठेवलं.

"म्हण की. एकच तर ऱ्हायलीय."

पाळकसाहेबांनी प्रार्थनेसाठी हात वर केला होता. तो तसाच राहिला. मी ओळ म्हणत गेलो, एकेक शब्द गाठत. शेवटच्या शब्दावर आलो तेव्हा लक्षात आलं, अण्णा केव्हाच थांबले होते. चर्चभर माझा एकट्याचा आवाज होता.