सबनीसांची कोरडी बशी

टोकियोजवळच्या ग्योतोकुला आमच्या इमारतीत राहणारे सबनीस रोज सकाळी सायकलच्या पुढच्या बास्केटमध्ये काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवून बाहेर पडतात. कपाखाली बशी, बशीखाली घडी घातलेला टॉवेल. हा चहा प्यायचा नसतो. एक गल्ली पार झाली की ते उतरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि बशीत वाकून बघतात. बशी कोरडी असेल तर रस्ता पास.

इरा, कबीर, तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, तिथे तुला कोणी फ्रेंड आहे का?" आहे. तो हा.

सबनीस पुण्यात नगररचनाकार होते. जन्मभर त्यांनी कागदावर रस्ते आखले आणि स्वतः मोटारीच्या मागच्या सीटवर बसून फिरले. "कागदावर रस्ता वरून दिसतो हो," ते मला म्हणाले, "सायकलवर बसलं की तो खालून कळतो." निवृत्तीनंतर दोघं नवरा-बायको इथे मुलाकडे आले, आणि आल्या आल्या सुलभाताईंच्या पाठीचा मणका दुखावला. चाकांच्या खुर्चीतून न्यायला डॉक्टरांची हरकत नाही, पण बारीकसा हिसका बसला तरी कळ डोक्यापर्यंत जाते. एकदा दवाखान्यातून परतताना त्या म्हणाल्या, "आता मला कुठे म्हणून नेऊ नका." त्यांना एवढ्या जवळची नदीही बघायला मिळालेली नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाठ तेवढी दिसते. म्हणून सबनीस घर ते नदी असा बिनहिसक्याचा रस्ता शोधतात, चहाचा कप घेऊन.

"पोटातलं पाणी हललं का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. लिफ्टमधून उतरणाऱ्यालाही ते विचारतात. टोकियोहून ऑफिस करून आलेल्या मुलाला एकदा विचारलं, तर तो म्हणाला, "बाबा, ट्रेनमध्ये इतकी गर्दी होती, पाण्याला हलायला जागाच नव्हती."

कधी कधी मीही माझी सायकल काढून त्यांच्या मागे जाते. त्यांच्या मागून जाताना हे गाव मला अर्धवट झोपेत पाहिल्यासारखं दिसतं. पुढे एक मूल, मागे एक मूल घेतलेल्या आया आवाज न करता शेजारून सरकत जातात. सज्ज्यांवर गाद्या ऊन खात असतात. कुठल्या तरी खिडकीतून मासे भाजल्याचा वास येतो आणि वळणावर मागेच राहतो. कोणी हॉर्न वाजवत नाही. आणि पुढून सबनीसांचा आवाज येत असतो, "बघा, फुटपाथची कड इथे कशी उतरती केलीय. बघा, गल्ली मुद्दाम अरुंद ठेवलीय, म्हणजे मोटार आपोआप हळू होते." मग चेहरा पाडून, "हे आम्हाला का नाही सुचलं?"

फुटपाथवर अंधांसाठी पिवळ्या, उंच ठिपक्यांच्या फरश्या असतात. त्यांवर चहा हमखास सांडतो. मी कुरकुर केली तर म्हणाले, "त्यांच्या वाटेला नावं ठेवायची नाहीत. आपण वळसा घालायचा." तेवढ्यासाठी त्यांनी दोन गल्ल्या नव्याने तपासल्या.

एकदा चौकीतल्या पोलिसाने त्यांना थांबवलं. सबनीसांना जपानीतलं 'सुमिमासेन' तेवढं येतं. तेच, म्हणजे 'माफ करा', म्हणून त्यांनी कपाकडे बोट दाखवलं, रस्त्याकडे दाखवलं आणि कोरडी बशी त्याच्या पुढे धरली. पोलिसाने ती गंभीरपणे पाहिली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. सबनीस आठवडाभर तेच सांगत होते.

"सगळ्या पुण्याला खड्ड्यांतून फिरवलं," सुलभाताई पलंगावरून म्हणाल्या, "आणि मला म्हणे गुळगुळीत रस्ता."

"अगं, अनुभवी माणूस आहे मी. खड्डा कुठे असतो ते मलाच ठाऊक."

अखेर घर ते नदी सगळा रस्ता पास झाला आणि गेल्या रविवारी दुपारी त्या एकदाच्या तयार झाल्या. वर निळी शाल. सबनीस खुर्ची ढकलत होते, मी शेजारून चालत होते. पहिल्या वळणापर्यंत सुलभाताईंनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. मग एक हात सुटला. मग दुसरा मांडीवर आला. नदीकाठच्या बांधाच्या उतारावर सबनीस इतके हळू चढत होते की एक मांजर आम्हाला ओलांडून पुढे गेलं.

वर पोचलो. नदी रुंद, करडी, अगदी संथ. सायकली घराकडे निघाल्या होत्या.

"सुलभा, ही बघ," म्हणत सबनीस पुढे वाकले. सुलभाताईंची मान खांद्यावर कलली होती.

"झोपलीय," ते कुजबुजले.

"उठवा ना. एवढं नदीसाठी आलो."

"नदी कुठे जातेय? पाठीमुळे ही रात्रभर बसून असते. मीही बसतो, पण माझा काय उपयोग. अशी गाढ झोपलेली मी इथे आल्यापासून पाहिलेली नाही."

खुर्ची थांबून राहिली तशा सुलभाताईंच्या पापण्या हलल्या. सबनीसांनी लगेच खुर्ची हलकेच पुढे ढकलली. पापण्या पुन्हा मिटल्या. मग ते थांबलेच नाहीत. बांधाच्या टोकापर्यंत गेले, सावकाश वळले, माझ्याकडे न बघता समोरून गेले, पुन्हा वळले. मी बाकावर बसून राहिले. पलीकडच्या काठावर दिवे लागले, तेव्हाही ते चालतच होते.