श्रीमंतांच्या शेजघरातील मत्स्यहौदाची बखर

श्री. विघ्नहर्ता गजानन, वाचा देणारी शारदा आणि डोईवरचे छप्पर, या तिघांस आधी नमन असो. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी एका राज्यात श्रीमंत जानराव गादीवर होते, आणि त्यांचे वडील थोरले आबासाहेब अर्धांगवायूने अंथरुणास खिळले होते, आणि त्यांची सेवा श्रीमंतांची थोरली बहीण दर्याबाई आक्कासाहेब करीत. बाई लहानपणी विधवा होऊन माहेरी आल्या, त्यांनीच श्रीमंतांस कडेवर खेळविले, हाताने मायाळू आणि जिभेने तिखट. आबासाहेबांची खोली महालाच्या तळास, आणि तिच्या नेमके वर, माडीवर, श्रीमंतांचे शेजघर. मग जाहले ते असे की, श्रीमंतांस झोप येईना. वैद्य म्हणाले, पोहणारा मासा पाहत पडावे, चित्त निवते. तेव्हां बंदरावरील टोपीकर सौदागराकडून काचेचा लहानसा हौद आणवून पलंगाशेजारी मांडिला, आणि त्यात तांबडे मासे सोडिले, आणि श्रीमंत घोरू लागले. आणि त्याच दिवसांत खाली आबासाहेबांच्या पांघरुणावर छतातून माती पडू लागली. आक्कासाहेब ती झटकीत, आणि वर पाहत, आणि पुन्हा झटकीत. आबासाहेबांस कूस बदलता येत नव्हती, तोंड फिरविता येत नव्हते. डोळ्यांत कण गेला तर डोळा मिटून पडावे, इतकेच त्यांच्या हाती होते.

इकडे श्रीमंतांस हाव सुटली. लहान हौदाने इतकी झोप, तर मोठ्याने किती! म्हणोन हातभर लांबीचे मासे राहतील असा, पलंगाहून मोठा हौद आणविण्याची आज्ञा जाहली, आणि माडीस तो सोसेल की नाही यावर सदरेत मसलत बसली. आक्कासाहेब चिकाच्या पडद्यामागे बसून ऐकत होत्या. जोशीबुवा म्हणाले, "मासा पाण्यात तरंगतो. तरंगणाऱ्यास वजन कसले? मासे हातभर असोत की वावभर, माडीस भार शून्य." सर्वांनी माना डोलविल्या. कारभारी रघोपंत म्हणाले, "महाराजांच्या लग्नात याच माडीवर मोठी पंगत उठली. तेव्हां हलली नाही, ती आता का हलेल?" तेव्हां पडद्यामागून आक्कासाहेब बोलल्या, "पंत, पंगतीची माणसे जेवून हात धुतात आणि खाली उतरतात. पाणी उतरते का? ते बसले की बसले. रात्रंदिवस एकाच जागी बसते, तुमच्यासारखे." सदरेत कोणी हसले नाही, कारण श्रीमंत हसले नव्हते. मग असे ठरले की इमारतींचे दरोगे हैबतराव यांनी पाहणी करावी आणि हुजुरात सांगावे.

आता त्या राज्याची एक रीत येथे सांगणे भाग आहे. बांगडी फुटली तर वाढली म्हणावे, देवापुढे नारळ फोडला तर वाढवला म्हणावे, ही रीत घरोघर आहे आणि तीत वाईट काही नाही. परंतु श्रीमंतांस अशुभ शब्दाची मोठी धास्ती, म्हणोन हुजुरात मोडले, फुटले, तुटले असे बोलणाराची चाकरी जाई. मग गाडीचा आस मोडला, म्हणावे आस वाढला. तळ्याचा बांध फुटला, म्हणावे बांध वाढला. गेल्या साली उत्तरेचा बुरूज ढासळला, तेव्हां बुरूज वाढला अशी खबर गेली, आणि श्रीमंतांनी आनंदाने साखर वाटली, आणि ज्यांनी ढासळलेला बुरूज डोळ्यांनी पाहिला होता त्यांनीही ती खाल्ली. पुढे पुढे खरोखर वाढलेले कोणते आणि मोडलेले कोणते, हे कोणास कळेना, आणि ज्यास जो अर्थ गोड लागे तो त्याने घ्यावा असे चालले. त्या राज्यात खोटे कोणी बोलत नसे आणि खरे कोणास ऐकू येत नसे.

तर हैबतराव शिडी घेऊन आबासाहेबांच्या खोलीत आले, आणि ज्या तुळईवर सारी माडी उभी तिच्यापर्यंत चढले, आणि भिंतीलगत तिला चीर दिसली तीत बोट घातले. बोट मुळापर्यंत आत गेले. खाली उतरले तेव्हां मुद्रा पांढरी पडली होती. आक्कासाहेबांनी पुसले, "काय आहे, दरोगे? माझ्याशी शब्द चावू नका."

"आक्कासाहेब, मोडली आहे. मोठ्या हौदाचे सोडा, आहे तोदेखील आज उतरवावा."

"हेच वर सांगाल?"

"आबासाहेबांचे मीठ खाल्ले आहे. सांगतो."

आक्कासाहेबांस तितक्यापुरते हायसे वाटले, आणि त्या लगोलग पडद्यामागे जाऊन बसल्या. हैबतराव सदरेत आले, मुजरा केला, श्रीमंतांकडे पाहिले, आणि चाकरी आठवली, आणि म्हणाले, "महाराज, तुळई... तुळई वाढली आहे." श्रीमंत गादीवर उसळले. "वाढली? वाहवा! पूर्वजांची पुण्याई! मग हौद आणखी हातभर वाढवा." आणि हैबतराव म्हणाले, "जशी आज्ञा." तेव्हां आक्कासाहेबांच्या अंगाचा तिळपापड जाहला. पडदा बाजूस सारून त्या भर सदरेत आल्या आणि म्हणाल्या, "दरोगे, मघा खाली काय म्हणालात? तोच शब्द इथे बोला." दरोगे आपल्या जोड्याकडे पाहू लागले. "पंत, तुम्हांस तरी कळले ना?" पंतांस खोकला आला. एवढी पागोटी, आणि एकाखालीही जीभ नव्हती! मग आक्कासाहेब श्रीमंतांस म्हणाल्या, "बरे, हौद ठेवायचा तर ठेवा. आबांस त्या खोलीतून मी हलविते." यावर जोशीबुवा म्हणाले, "बाईसाहेब, अंथरुणासकट माणूस उचलून दाराबाहेर काढावयाचा, हे एकाच प्रसंगी करतात. तो प्रसंग आज आहे काय?" श्रीमंतांनी दोन्ही कानांवर हात ठेविले आणि म्हणाले, "शिव शिव! आक्का, बापाविषयी असे मनात तरी कसे येते?" आणि आबासाहेबांस कोणी हलवू नये म्हणोन खोलीच्या दारावर शिपायाचा पहारा बसविला. बाप जिवंत राहावा म्हणोन बापास मोडक्या तुळईखाली कोंडिले, ही त्या दरबाराची अक्कल.

मग हौद आला. भोयांनी तो दोरांनी माडीवर चढविला, आणि पाणक्यांची रांग लागली, आणि घागरीमागून घागर रिती होऊ लागली. दुपारची वेळ, आक्कासाहेब आबासाहेबांस पेज भरवीत होत्या. वर तुळई कण्हली आणि मातीचे ढेकूळ पेजेच्या वाटीत पडले. आबासाहेबांनी वर पाहिले आणि मग लेकीकडे पाहिले. त्यांस सारे कळत होते, बोलता मात्र येत नव्हते. ज्यांस बोलता येत होते ते सारे माडीवर हौदाभोवती वाहवा करीत उभे होते. आक्कासाहेबांनी वाटी खाली ठेविली, आणि कोठीघरात गेल्या, आणि भात कांडावयाचे मुसळ उचलिले. दासी भागी आडवी आली. "बाईसाहेब, असं काय करताय? राजाचा हौद हाय तो."

"भागे, वाटेतून सर. मासे अजून घंगाळात आहेत, आणि माणसे खाली आहेत."

त्या जिना चढल्या, आणि पाणक्यांनी भिऊन वाट दिली, आणि त्यांनी पदर खोचून काचेवर मुसळ घातले. पहिल्या घावास काच तडकली, दुसऱ्यास फुटली, आणि पाणी गालिच्यावरून, पंतांच्या जोड्यांवरून, जिन्यावरून खळाळत अंगणात गेले. श्रीमंत पलीकडच्या दालनात विडा खात होते, ते धावत आले. "काय झाले?" रघोपंत भिजलेले धोतर सावरीत म्हणाले, "महाराज, हौद वाढला." श्रीमंत सवयीने म्हणाले, "वाढला? छान, छान." आणि मग त्यांच्या पायास काच लागली.

"वाढला नाही," आक्कासाहेब म्हणाल्या. "फोडला. मी फोडला. फुटला, फुटला, फुटला! घे, किती अशुभ होते ते बघ. आता खाली चल, जान्या."

गादीवर बसल्यापासून त्या नावाने त्यांस कोणी हाक मारिली नव्हती. आक्कासाहेबांनी मनगट धरिले आणि राज्याच्या धन्यास जिन्यावरून ओढीत आबासाहेबांच्या खोलीत नेले, आणि म्हणाल्या, "आबांच्या शेजारी नीज. मासे पाहतोस तसे निजून वर पहा." श्रीमंत खाटेवर बापाशेजारी आडवे जाहले. वरून गळणारे पाणी त्यांच्या कपाळावर पडले. तुळईची चीर आता हात जाईल इतकी रुंद जाहली होती, आणि ते पाहत असता ती आणखी रुंदावली.

"आक्का," श्रीमंत म्हणाले, "ही तर मोडली आहे."

आणि इतके बोलून ते उठले, आणि खाटेवरून उडी टाकून, उंबऱ्यास ठेचाळून, "मोडली, मोडली" ओरडत अंगण गाठले, आणि त्यांचे मागे पंत, जोशीबुवा आणि दरोगे अंगणात गेले. आबासाहेब खाटेवर तसेच राहिले. लेकाची पाठ दाराबाहेर जाताना त्यांनी पाहिली. आक्कासाहेबांनी हाक मारिली, "जान्या, खाटेचा एक पाय तरी धर!" परंतु कोणी मागे वळले नाही. तेव्हां त्या पहाऱ्यावरील शिपायावर कडाडल्या, "हुकूम देणारा पळाला, आता कोणाचा हुकूम पाळतोस? उचल!" शिपायाने भाला टाकिला, मागोमाग आलेल्या भागीने खाटेचा पाय धरिला, आक्कासाहेबांनी उशाकडून खाट खांद्यावर घेतली, आणि तिघांनी आबासाहेबांस बाहेर काढिले, आणि खाट अंगणातील चिंचेखाली टेकवितात तोच तुळई खाली आली, आणि तीमागे माडी, पलंग, गालिचा, सारे त्या खोलीत आले. धूळ निवाल्यावर जोशीबुवा पुढे जाहले आणि श्रीमंत सुखरूप वाचले म्हणोन साखर वाटू लागले. आक्कासाहेबांपुढे ताट आले ते त्यांनी उधळून दिले. श्रीमंत दुरून म्हणाले, "आक्का, मी मदत आणावयास गेलो होतो." आक्कासाहेब आबासाहेबांच्या तोंडावरची धूळ पदराने पुशीत होत्या, आणि आबासाहेब डोळे मिटून पडले होते, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होते.

दरबारी टिपणात त्या दिवशी माडी वाढली असे लिहिले आहे, आणि श्रीमंतांनी पुढे होऊन वडिलांस सावरिले असेही लिहिले आहे. ज्यांस ते गोड लागेल त्यांनी ते वाचावे. आमची बखर येथे पुरी जाहली, आणि तिचा सारांश इतकाच की, माडीस हौद सोसला नाही, तुळई मोडली, माडी पडली, आणि श्रीमंत बापास टाकून पळाले.