वाडीचा नंबर

शनिवारी सकाळी अकरा वाजता भागोजी म्हात्रे जाधव सरांच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि त्यानं सरांच्या मुलीला विचारलं, "रचना, माझ्या एका खोलीत बावीस कुटुंबं निजवायची कशी, ते तुझ्या कंपूटरात कुठं लिवलंय काय गं?"

रचना पडवीत बसून घावन खात होती. घास हातातच राहिला.

"कसली बावीस कुटुंबं?"

"मना काय म्हाईत? आवडाबाईच्या फोनवर मेसेज आलेत. पावने येतायत म्हनून. बावीसच्या बावीस मेसेजांत माझाच नाव हाय." भागोजीच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण तिच्याखालून थोडा अभिमानही डोकावत होता. "पाच चटया मागून आनल्यात. बाकीच्यांना नारळाखाली टाकीन. पन बावीस म्हनजे लय झाले गं."

रचना बेलापूरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. चार वर्षं तिनं दुसऱ्यांनी बांधलेल्या डेटाबेसमधल्या चुका शोधण्यात घालवली होती. पायापासून स्वतः आखलेली ही तिची पहिलीच सिस्टिम: नागावच्या पुढं, सुरूच्या बनाला लागून असलेल्या तिच्याच वाडीतल्या चौदा घरांच्या खोल्या पर्यटकांना देण्याची. आज सिस्टिमचा पहिला शनिवार. सोमवारी किनाऱ्यावरच्या चाळीस गावांचे लोक हीच सिस्टिम बघायला ऑफिसात येणार होते, आणि त्याआधी तिच्या वरिष्ठ हेमांगी मॅडम स्वतः पाहुण्या म्हणून राहायला निघाल्या होत्या. "नीट चाललं तर चाळीस गावांचं काम तुझ्याकडे," त्यांनी काल सांगितलं होतं. "नाही चाललं, तर परत लोकांच्या चुका शोधत बस."

शिवाय वाडीच्या बैठकीत जाधव सर उभे राहून म्हणाले होते, "माझ्या मुलीनं केलंय. डोळे झाकून नावं द्या." वाडीनं खरोखरच डोळे झाकून दिली होती.

रचनानं हात न धुताच लॅपटॉप उघडला. घरमालकांच्या तक्त्यात चौदा ओळी असायला हव्या होत्या. तिथं एकच ओळ होती. भागोजी म्हात्रे. खोल्यांच्या तक्त्यात मात्र एकतीस खोल्या जागच्या जागी होत्या आणि एकतीसही खोल्यांचा मालक म्हणून त्या एका ओळीकडे बोट दाखवलेलं होतं.

चूक तिला लगेच कळली, आणि ती चूक म्हणजे तिच्या सिस्टिममधला तिला सर्वात आवडता नियम होता. माणसं नाव एकदा 'धर्मा' लिहितात, एकदा 'धर्माजी', एकदा नुसतं 'डी. के.'; मोबाईल नंबर मात्र ज्याचा त्याचाच असतो. म्हणून जो नंबर तोच माणूस. तोच नंबर पुन्हा आला, तर नवी ओळ उघडायची नाही, जुनीवरच नवी माहिती लिहायची. एक माणूस दोनदा घुसायला नको, एवढाच तिचा साधा हेतू होता. पण चौदाही अर्जांवर नंबर एकच होता. प्रत्येक नव्या अर्जानं आधीच्या मालकाला पुसून टाकलं, आणि बैठकीला नेहमीप्रमाणे सर्वात शेवटी पोहोचलेला भागोजी सर्वांच्या उरावर बसला.

"पप्पा!"

जाधव सर वर्तमानपत्र घेऊनच बाहेर आले. अर्ज त्यांनी भरले होते, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात.

"पप्पा, चौदा घरांचा मोबाईल नंबर एकच कसा?"

"आवडाबाईचा आहे. वाडीचा नंबर तोच."

"वाडीला कसला नंबर? प्रत्येकाकडे स्वतःचा मोबाईल आहे ना?"

"आहे. पण उचलतं कोण? हा भागोजी दिवसभर माडावर. सुचिता दवाखान्यात ड्यूटीला. वाडीत पहिला टेलिफोन आवडाबाईकडं आला, तेव्हापासून निरोप तिच्याकडंच येतात. ती उचलते आणि पोचवते." सरांनी चष्मा काढला. "तू अर्जावर छापलं होतंस, 'संपर्कासाठी नंबर'. संपर्क जिथं होतो तो नंबर मी लिहिला. माझं काय चुकलं?"

सरांचं आजवर कुठल्याच अर्जात काही चुकलेलं नव्हतं.

कुठली खोली कुणाची, हे आता फक्त कागदी अर्जांवर उरलं होतं. अर्ज वाडीतल्या घरमालकांच्या गटाच्या कपाटात, आणि कपाटाची चावी गटाचा सचिव धर्मा पाटील याच्याकडे. बाराची बोट सुटायला पाऊण तास होता. मांडव्याला उतरून माणसं तीनच्या सुमारास वाडीत धडकणार. वेळ होता. रचनानं सिस्टिममधून सचिवांचा नंबर काढला आणि घाईघाईनं फिरवला.

"बोल गं रचना," पलीकडून आवडाबाई म्हणाली.

रचनानं डोळे मिटले. "काकी, धर्माकाका कुठं आहेत?"

"रेवदंड्याला गेलाय, मासली आनायला. फोन घरीच ठेवून गेलाय, भिजतो म्हनून. चावी कमरेला हाय त्याच्या. कशाला हवा तो?"

"काकी, मी तुमच्याकडंच येते."

आवडाबाईचं घर रस्त्याला लागून पहिलंच. साठी उलटलेली ही बाई पडवीत सुपारी कातरत बसली होती, आणि शेजारी फोन अखंड खणखणत होता. पाहुणे निघायच्या आधीच शंका विचारत होते. भागोजी रचनाच्या मागोमाग आला आणि पायरीवर टेकला. बावीस कुटुंबांचा यजमान आता घरी एकटा बसायला तयार नव्हता.

"काकी, कुणाच्या किती खोल्या, तुम्हाला माहीत आहेत?"

"घरं माझ्या डोल्यांसमोर बांधली. म्हाईत नसायला काय झाला? लिव." आवडाबाईनं सुपारीवरची नजर न काढता सुरुवात केली. "सुचिताच्या दोन, खाली. जिना न्हाय. म्हाताऱ्यांना तिथं घाल. मृणालच्या तीन, न्हाणीघर आतच हाय, तान्ही पोरं असतील तर तिच्याकडं."

रचनाला धीर आला. सुचितापासून सुरुवात करू, दोन खोल्या तिच्या नावावर टाकू, मग पुढं जाऊ. तिनं आज्ञा लिहिली. आज्ञा दोन ओळींची होती: पहिल्या ओळीत मालक म्हणून सुचिताचं नाव, दुसऱ्या ओळीत, फक्त या दोन खोल्यांपुरतं. इतक्यात फोन वाजला, आवडाबाई मोठ्यानं "हॅलो" म्हणाली, रचना दचकली आणि पहिली ओळच निवडलेली असताना तिचं बोट बटणावर पडलं; 'फक्त या दोन खोल्यांपुरतं' मागंच राहिलं.

पडद्यावर अक्षरं उमटली: एकतीस ओळी बदलल्या.

दोन बदलायला हव्या होत्या. घाईत अशी आज्ञा द्यायची नाही, आधी प्रत काढून ठेवायची, हे ऑफिसात नव्या मुलांना शिकवणारी ती स्वतः होती. आणि आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं, यजमान बदलला की पाहुण्याला आपोआप मेसेज जावा, ही सोयही तिनंच मोठ्या कौतुकानं केली होती. बावीस कुटुंबांच्या फोनवर एकाच वेळी टिंग वाजलं: 'आपल्या यजमान आता श्रीमती सुचिता आहेत. आपले स्वागत आहे!' सुचिता दवाखान्यात होती आणि तिच्या घराला कुलूप होतं.

"म्हनजे माझ्याकडं कोनीच न्हाय?" भागोजी पायरीवरून उठला. "चटया मागून आनल्यात मी!"

रचनाचा स्वतःचा फोन वाजला. हेमांगी मॅडम.

"रचना, मी बोटीच्या रांगेत उभी आहे. माझा यजमान आत्ताच बदलला. ते ठीक. पण माझ्यापुढच्या कुटुंबाची यजमानही सुचिता, मागच्यांचीही सुचिता. ही बाई राजवाडा बांधून बसली आहे का?"

"मॅडम, ते… आम्ही सुधारतोय."

"सुधारा. मी चढतेय बोटीत." फोन बंद झाला.

आता आणखी एक आज्ञा द्यायची रचनाची छाती होईना. सोमवार तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला; त्याहून वाईट म्हणजे पुढच्या बैठकीत मान खाली घालून बसलेले पप्पा दिसले. ती रडायच्या बेतात होती.

"बंद कर तो," आवडाबाई म्हणाली.

"काय?"

"मेसेज पाठवनं बंद कर त्याचा. बाकी हात लावू नको. पावने वाटेवर हायत. घराला कुलूप बघितल्यावर काय करतील? फोन. कोनाला करतील?" तिनं अडकित्त्यानं स्वतःच्या फोनकडे खूण केली. "नंबर तर एकच हाय."

मेसेज बंद झाले. अडीच वाजता पहिली गाडी वाडीत शिरली आणि फोनवर फोन येऊ लागले. आवडाबाई प्रत्येकाला तेच विचारायची: "मानसं किती? म्हातारं कोनी? पोर किती म्हैन्यांचं? मासली खाता का न्हाय?" आणि मग, "पुढं या, निळ्या फाटकाला मृणाल उभी हाय." रचना कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून घेत होती आणि जाधव सर सायकलवरून घरोघर पुढची वर्दी देत होते. दवाखान्यातून सुटलेली सुचिता घरी पोचली तेव्हा तिच्या ओट्यावर दोन आजोबा चपला काढून बसले होते.

एक कुटुंब शाकाहारी निघालं, त्याला सरांच्या घरी पाठवलं. एकाला कुत्र्याची भीती होती, त्याचं घर दोनदा बदललं. भागोजी पायरीवर बसून प्रत्येक फोनला मान वर करायचा आणि पुन्हा खाली घालायचा. मोठ्या कुटुंबांनी दोन-दोन खोल्या घेतल्या; शेवटी एकच नाव उरलं आणि एकच खोली.

"बाई एकटी हाय," आवडाबाई फोनवर तळहात ठेवून म्हणाली. "दमलेली वाटते. बोलन्यात जोर हाय, पन आवाज बसलाय. शांत जागा पायजे म्हनते. भागोजी, ऊठ."

"कोण बाई?" रचनानं यादी पाहिली आणि तिचं पेनच खाली पडलं. "काकी, त्या माझ्या मॅडम आहेत! भागोजीकाकांकडं नको. तिथं कोंबड्या आहेत!"

पण भागोजी पायरीवरून उठून केव्हाच रस्त्यावर धावला होता.

साडेचारला आवडाबाईचा आवाज पूर्ण बसला. तिनं फोन रचनाच्या हातात कोंबला. "जरा धर. मी पाठ टेकते." मग संध्याकाळपर्यंत फोन रचनानंच घेतले, ऑफिसच्या सवयीनं: "नमस्कार, बोला, मी आपली काय मदत करू?" रेवदंड्याहून परतलेला धर्मा मासळीची पाटी पायरीवर टेकवून बराच वेळ ऐकत उभा राहिला. "किती गोड बोलते रे," तो जाधव सरांना म्हणाला. "आणि दुसऱ्या घंटीच्या आत उचलते."

रविवारी सकाळी हेमांगी मॅडम सुपारीच्या बागेतून चालत आल्या. रचना उभी राहिली आणि शिक्षा ऐकायला तयार झाली.

"सहा महिन्यांत पहिल्यांदा मी नऊ तास झोपले," मॅडम म्हणाल्या. "कोंबड्यानं उठवलं. आणि पाहुण्याला चार प्रश्न विचारून मग खोली द्यायची, ही कल्पना तू मला आधी का नाही सांगितलीस? बोटीतला तो घोळ मात्र सोमवारच्या आत नीट कर."

रचनानं रविवारचा पूर्ण दिवस बसून पाया नव्यानं घातला. आता माणूस नंबरावरून ओळखायचा नव्हता. प्रत्येक घराला सिस्टिमचा स्वतःचा क्रमांक मिळाला, एक ते चौदा. मोबाईल नंबर नुसती माहिती, कितीदाही आला तरी कुणी कुणाला पुसणार नाही. आवडाबाईचे चारही प्रश्न तिनं बुकिंगमध्ये घातले. अर्ज नवे छापले, आणि जाधव सरांनी ते दुपारी घरोघर जाऊन भरले, त्याच सुंदर अक्षरात. तिनं ते रात्री झोपेच्या गुंगीत सिस्टिममध्ये चढवले. चौदा अर्ज, चौदा ओळी. एवढंच तिनं मोजलं आणि पहाटेच बेलापूरला निघाली.

सोमवारी चाळीस गावांचे लोक ऑफिसात बसले होते. रचनानं पडद्यावर घरमालकांचा तक्ता उघडला. चौदा घरं, चौदा मालक, प्रत्येकाच्या खोल्या ज्याच्या त्याच्या नावावर. हेमांगी मॅडम खुर्चीत सैलावून बसल्या. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ डोळे बारीक करून पाहत म्हणाले, "सगळ्यांना मिळून एकच मदत क्रमांक ठेवलाय वाटतं? हे उत्तम केलंत. आमच्याकडं कोणी फोनच उचलत नाही."

रचनानं शेवटचा रकाना पाहिला. चौदा ओळींत एकच नंबर होता. या वेळी तो आवडाबाईचा नव्हता. तो तिला तोंडपाठ होता, कारण गेली सात वर्षं तो तिचाच होता.

टेबलावर तिचा फोन थरथरू लागला. सभेतली सर्व माणसं कौतुकानं तिच्याकडे पाहायला लागली. मॅडमनी खूण केली, घे, दाखव त्यांना. दुसऱ्या घंटीच्या आत रचनानं फोन उचलला.

"नमस्कार, बोला, मी आपली काय मदत करू?"

"रचना, मी भागोजी. आवडाबाईला एक निरोप द्यायचाय."

"काका, त्या तुमच्या कुंपणापलीकडंच राहतात ना?" रचना आवाज दाबून म्हणाली.

"व्हय, पन ती झोपलेय. आता दुपारची निवांत झोपते ती. मी उठवली तर वरडल माझ्यावर. तू फोन केलास तर न्हाय वरडनार." भागोजी थोडा थांबला. "सांग तिला, म्हनावं तुझ्या चटया परत द्यायच्या ऱ्हायल्यात. लिवून घेतेस ना?"

रचनानं चाळीस गावांकडे पाहिलं, पडद्यावरच्या चौदा ओळींकडे पाहिलं, आणि पेन उघडलं.

"किती चटया, काका?" तिनं विचारलं.